शिजो, दहावीचा वर्ग आणि आयएसबीएनचा रकाना

न्यू जर्सीत मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. दहावीत कवितेचं युनिट आलं की हायकू ठरलेला. पाच-सात-पाच, बेडूक, तळं, झालं. आमच्या बर्गन काउंटीत कोरियन वस्ती मोठी, माझ्या वर्गातली तिसरा हिस्सा मुलं कोरियन घरांतली. तरी त्यांची कविता कुणी शिकवत नाही. म्हटलं, या वर्षी शिजो घेऊ.

शिजो म्हणजे तीन ओळी. प्रत्येक ओळीत चौदा ते सोळा अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आणि चार गट. पहिल्या ओळीत विषय, दुसरीत तोच पुढे, तिसरीत गिरकी. तिसऱ्या ओळीचा पहिला गट तीनच अक्षरांचा, तिथे सूट नाही. दुसरा मात्र पाच किंवा जास्त. मूळची ही गायची चीज. पहिला मोठा संग्रह किम चोन-तेकने 1728 साली केला.

हे सगळं तयार करायला मला एक शनिवार-रविवार लागला. मंजुरीला अकरा आठवडे लागले.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक शाळा मंडळाच्या, अभ्यासक्रम ऑफिसचा एक ऑनलाइन फॉर्म आहे, पूरक साहित्यासाठी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरला. तीन आठवड्यांनी परत आला : ‘अपूर्ण’. कारण आयएसबीएनचा, म्हणजे छापील पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, रकाना रिकामा. अहो, कविता सोळाव्या शतकातली, तिला आयएसबीएन कुठून आणू? फोन केला तर पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, ‘तो रकाना कंपल्सरी आहे.’ शेवटी एका छापील अनुवादाचा नंबर घातला. पण परत आलेला अर्ज पुन्हा रांगेच्या शेपटाला लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते : एक रकाना चुकला की तीन आठवडे गेलेच समजा.

दुसऱ्यांदा परत आला, कारण लेक्साइल पातळी लिहिली नव्हती. वाचनाची काठिण्यपातळी मोजायचं ते माप, आकड्यात असतं. कवितांना तो आकडा देतच नाहीत, त्यांना ‘एनपी’ म्हणजे गद्येतर असा शेरा असतो. मी ‘एनपी’ लिहिलं तर रकाना फक्त आकडे घेईना. संध्याकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसून मी शून्य टाकलं, सेव्ह दाबलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

तिसऱ्यांदा आशयावर बोट. ह्वांग जिनी ही सोळाव्या शतकातली सोंगदोची, म्हणजे आजच्या केसोंगची, कवयित्री, पेशाने गिसेंग, म्हणजे दरबारात गाणारी-नाचणारी कलावंतीण. तिच्या एका शिजोचा भाव असा : मध्यहिवाळ्यातली ही लांबलचक रात्र कमरेतून कापीन, वसंताच्या गोधडीखाली गुंडाळून ठेवीन, आणि तो येईल त्या रात्री घडी घडी उलगडीन. रात्र कापडासारखी कापणारी बाई! शेऱ्यात लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांच्या वयाला योग्य आहे का ते स्पष्ट करावे.’ आमच्याकडे नववीला रोमिओ-ज्युलिएट लावलेलं आहे. त्यातल्या ज्युलिएटला चौदावंही पूर्ण नाही. हे मी नम्रपणे लिहून पाठवलं. फार नम्र नव्हतं बहुतेक.

त्याच आठवड्यात चिडून मी मराठीत एक शिजो केला. अक्षरं अभंगासारखी बोटांवर मोजलीत :

पानांना रंग आला तेव्हाच मी अर्ज दिला
आता त्या फांदीवर बर्फाचा थर जाड
साहेब, ऋतू तुमच्या टेबलाचा कोणता?

चव्वेचाळीस भरतात, मोजून बघा. ‘साहेब’ तीन, ‘ऋतू तुमच्या’ पाच.

सुटका केली शाळेच्या लायब्ररियन बाईंनी. झेरॉक्स मशीनपाशी माझं रडगाणं ऐकून म्हणाल्या, ‘तू तो फॉर्म भरलासच कशाला? तो विकत आणायच्या पुस्तकांचा. शिक्षकाने स्वतः केलेल्या टिपणाला विभागप्रमुखाची सही पुरते.’ अकरा आठवडे! आणि त्या ऑफिसात एकालाही हे वाक्य बोलवलं नाही. तर पहिली गोष्ट ही : आधी लायब्ररीत जा.

स्वतः केलेलं म्हणजे अनुवादही स्वतःचाच हवा. मूळ कविता जुन्या, त्यांवर कुणाचा हक्क नाही. छापील अनुवादांवर असतो. मला कोरियन येत नाही. एका विद्यार्थ्याची आजी, म्हणजे त्याची हाल्मोनी, मदतीला आली. नातू मध्ये दुभाष्या. तिने कागद न बघता जोंग मोंग-जूचा शिजो म्हणून दाखवला. 1392 साली कोरियातली गोर्यो राजवट कोसळत होती, जोंग तिचा निष्ठावान मंत्री. नवी राजवट आणू पाहणाऱ्यांपैकी यी बांग-वोनने त्याला पद्यातूनच विचारलं की डोंगरावरच्या वेलींसारखे एकमेकांत गुंतून राहिलो तर काय बिघडलं? जोंगचं उत्तर : हा देह शंभर वेळा मरो, हाडांची माती होवो, निष्ठा ढळायची नाही. पुढे त्याला मारलं, केसोंगच्या सोनजुक पुलावर अशी परंपरा. हाल्मोनी शेवटच्या ओळीला टेबलावर बोट आपटत होती, तीन, मग सहा. नातू म्हणाला, ‘हे मला घरी कधी सांगितलंच नाही हिने.’ त्यावर ती काहीतरी बोलली, त्याने ते इंग्रजीत सांगितलं नाही.

वर्ग चांगला झाला. भांडण एकच, ‘फायर’ एका तुकड्याचा की दोन. अर्धा तास गेला. तेव्हा मोजण्यापासून सुरू करू नका, मी केलं आणि पोरं गणिताच्या तासाला बसल्यासारखी झाली. आधी तिसरी ओळ लिहायला लावा, वरच्या दोन त्यांना आपोआप सुचतात. सहा तास धरा, चारात होत नाही.

शिकागोची सेजोंग कल्चरल सोसायटी शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शिजोची स्पर्धा घेते. आमची त्या वर्षीची मुदत हुकली, कारण वर लिहिलंय. अजून राग येतो, एका मुलीची बसथांब्यावरची रचना खरोखर पाठवण्यासारखी होती.

युनिट संपून महिना झाल्यावर ऑफिसची मेल आली. गोधडीचं स्पष्टीकरण मान्य होतं. फक्त लेक्साइलच्या रकान्यात शून्य का आहे, एवढं कळवायचं होतं.