चौथ्या पायरीच्या वर

मावशी चौतीस वर्षं फोर्टात नोकरीला होती. एका बँकेत, कॅश काउंटरवर. त्यातली निम्मी वर्षं तरी दुपारचा डबा तिने मैत्रिणींबरोबर टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या, पायऱ्यांवर बसून खाल्ला, आणि एकदाही आत गेली नाही. हे तिने भेंडी चिरता चिरता सांगितलं. "आत काय असतं रे? वकील वगैरे बसतात ना?" एवढंच वर.

मी मुंबईला गेलो होतो मावसभावाच्या साखरपुड्याला. साखरपुडा छान झाला, जेवण उशिरा मिळालं, पुढे लिहिण्यासारखं काही नाही. आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन दिवस मोकळे होते. सांगलीकडच्या आमच्या गावात 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याचा मी बिनपगारी चिटणीस. त्यामुळे लोक मुंबईत चौपाटी बघतात तशी मी वाचनालयं बघतो, आणि बघतो म्हणजे काय, तर कपाटांना वाळवी आहे का, पंखे किती आणि देवघेवीच्या टेबलावर कोण बसलंय. बायको याला आजार म्हणते.

पहिल्या दिवशी एकटाच भटकलो. करी रोडहून लोकलने सीएसएमटी, तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ चालत जे. एन. पेटिट. काही पारशी तरुणांनी 1856 मध्ये काढलेली ही लायब्ररी. दिनबाई पेटिट यांनी मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि 1898 मध्ये आजची इमारत उभी राहिली. खिडक्यांच्या रंगीत काचांत देणगीदारांचे चेहरे आहेत. डोक्यावर ऊन आलं की शेठजी उजळतात. आमच्याकडे देणगीदार पंख्याच्या पात्यावर असतात. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं तांबड्या रंगात लिहिलेलं. पंखा चालू असेपर्यंत वाचता येत नाही, वीज गेली की कै. दिसतात. तरीही, खरं सांगतो, त्या काचांपुढे उभं असताना मला आमचे पंखेच आठवत होते आणि थोडी लाजही वाटत होती. लाज कशाची, ते कळलं नाही.

राजाबाई टॉवर ओव्हल मैदानातूनच पाहिला, पोरांचं क्रिकेट चुकवत. 280 फूट उंची, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या डोक्यावर. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. बांधकाम 1878 ला पुरं झालं. आईला दिसत नव्हतं आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, म्हणून तिला वेळ कळावी यासाठी घंटा, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, ग्रंथालयावर आईच्या जेवणाची वेळ सांगणारं घड्याळ ही कल्पना मला आवडते.

काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीत मात्र तासभर गेला. ही इमारत 1870 ची, मालाडच्या पिवळसर दगडाची, आणि जिन्याशी ससून शेठ स्वतः संगमरवरात उभे. पण त्यांच्याही आधी, 1847 मध्ये, टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या कामगार-मेकॅनिकांनी एकत्र येऊन वाचायला-शिकायला जागा हवी म्हणून संस्था काढली होती. शेठचे साठ हजार नंतर आले, इमारतीला नावही त्यांचंच लागलं. मागच्या बागेत एक गृहस्थ मांडीवर पुस्तक पालथं घालून झोपले होते. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटली की चाळीच्या नाक्यावर मंडळाच्या वाचनालयात, म्हणजे पत्र्याखालच्या तिरक्या फळीवर दोरीने बांधलेल्या पेपरांपुढे, उभ्यानेच वाचायचे. बसायला बाकडं होतं, पण त्यावर कायम कॅरम. आजोबांना ही बाग कुणी दाखवली असती तर, असं मनात आलं. दाखवली नव्हती. आता गिरणीही नाही.

आणि मग ती एक जागा. नाव लिहीत नाही, कारण पुन्हा जावं लागणार आहे. पाटीवर 'सार्वजनिक' असं ठळक लिहिलेलं. मी दारात, पाठीवर सॅक, पायात चप्पल. दारावरच्या माणसाने मला खालून वर पाहिलं. "काय काम आहे?"

आता वाचनालयात काय काम असतं? मी म्हटलं, "बघायचंय."

"बघायला काही नाही इथे. मेंबर आहे का?"

नाही म्हटलं. कुणाची चिठ्ठी? नाही. मग साहेब आले की या. साहेब कधी येतात? सांगता येत नाही. मी त्याला सांगायला गेलो की 1967 च्या कायद्याखाली आम्हीसुद्धा वाचनालय चालवतो, अनुदान घेतो, दप्तर तपासणीला तोंड देतो. त्याने मोबाइल काढला आणि माझ्याकडे बघणं बंद केलं. परतीच्या लोकलमध्ये मी मनातल्या मनात तक्रारअर्ज लिहीत होतो आणि चिंचपोकळीच्या आसपास एकदम आठवलं. आमच्या वाचनालयात गेल्या पावसाळ्यात ऊसतोडीची दोन पोरं आडोशाला उभी होती. मी त्यांना काय विचारलं होतं? "काय काम आहे रे?" तो अर्ज मनातही पुरा झाला नाही.

रात्री मावशीला म्हटलं, परवा तू माझ्याबरोबर टाउन हॉलला चल. ती म्हणाली, "गुडघे." मी म्हटलं, टॅक्सी करू. "टॅक्सी पायऱ्या चढते का?"

पण तिसऱ्या दिवशी सकाळी तीच आधी तयार. इस्त्रीची साडी, ऑफिसला न्यायची ती जुनी पर्स आणि डबा. "सवय आहे, फोर्टात डब्याशिवाय गेले नाही कधी." टॅक्सीवाल्याला तिनेच रस्ता सांगितला आणि हॉर्निमन सर्कलला वळसा घेताना आपली बँक होती ती खिडकी दाखवली. तिथे आता कॉफीचं दुकान आहे. ती काही बोलली नाही, मीही नाही.

टाउन हॉलच्या पायऱ्या तीस. हे मला पुस्तकांमुळे माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. तिचा हिशेब वेगळा. चौथी पायरी, डावीकडून, खांबांच्या ओळीत. "इमारतीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळभर सावली. एक वाजला की ऊन तोंडावर. म्हणून आम्ही साडेबाराला पळायचो. उशिरा येणारी रुमाल डोक्यावर घेऊन बसायची." चौथीवर ती आपोआप थांबली आणि मागे वळून बसायलाच लागली. मी हात धरला. पाचव्या पायरीवर पाय ठेवताना म्हणाली, "इथून पुढे साहेबांचं." हसली, पण माझा हात घट्ट धरला होता.

अकराव्या पायरीवर एक विसावा. आजूबाजूला लग्नाआधीचे फोटो काढणारी दोन जोडपी. एका मुलीचा झगा सात पायऱ्या व्यापून पसरलेला आणि फोटोग्राफर तिला दूर बघायला सांगतोय. मला चीड आली. सगळी मुंबई या पायऱ्यांवर फोटो काढते आणि दार ओलांडत नाही. पण मग चौतीस वर्षं मावशी तरी काय करत होती? एकोणिसाव्या पायरीवर दुसरा विसावा. तिथे मी माझं ज्ञान सुरू केलं: सर जेम्स मॅकिंटॉशने 1804 मध्ये लिटररी सोसायटी काढली, तिची पुढे एशियाटिक झाली, इमारतीसाठी लॉटरी काढली होती, तरी पैसे पुरले नाहीत, शेवटी सरकारने घातले आणि 1833 मध्ये काम संपलं. "लॉटरी लागली कुणाला?" मावशीने विचारलं. मी गप्प झालो. बँकेतल्या बाईचा प्रश्न होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वर पोचलो. ते जाड डोरिक खांब जवळून पाहिले की माणूस आपोआप हळू बोलतो. दाराशी पहारेकरी. कालपरवाचा अनुभव ताजा होता, मी खिशातून आधारकार्ड काढायला लागलो. त्याने विचारलं, "कुठे जायचंय आजी?"

मावशी दोन क्षण थांबली. "आत," ती म्हणाली.

"सही करा."

बस. एवढंच. वहीत तिने तिन्ही नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, नंतर दोन रेघांची ती बँकेतली सही, आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं: बघणे.

आत उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, जुन्या कागदाचा वास. आमच्या वाचनालयातही हाच वास येतो, फक्त इथे तो दोनशे वर्षांचा आहे. छपाईचं प्रत्येक नवं पुस्तक ज्या चार ग्रंथालयांना कायद्याने पाठवावं लागतं त्यांतलं एक इथे आहे. तो कायदा 1954 चा. बाकीची कोलकाता, चेन्नई, दिल्लीत. चिटणीस म्हणून मला पहिला विचार आला, एवढी पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवतं कोण? मावशीला मी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'च्या हस्तलिखिताचं सांगितलं, चौदाव्या शतकातलं, इथेच आहे, मुसोलिनीने त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती असं म्हणतात. "दाखवतात?" नाही, कुलपात असतं. "मग बरोबर. घरातलं सोनं काय पाहुण्यांना दाखवतात?"

आणि मग ती थांबली ती पुतळ्यापुढे. आत एल्फिन्स्टन आहे, माल्कम आहे, गोऱ्या संगमरवरातले गोरे साहेब. त्यांच्यावरून तिची नजर घसरत गेली आणि एका पगडीवर अडकली.

"अरे, हे तर नाना शंकरशेट!"

इतक्या मोठ्याने म्हणाली की टेबलावरच्या एकाने मान वर केली. मावशीने पर्स खांद्यावर सारली, पदर नीट केला आणि नमस्कार केला. देवळात करतात तसा नाही, ऑफिसात जुने साहेब भेटले की करतात तसा. "शाळेत बाई रोज ऐकवायच्या. मॅट्रिकला संस्कृतात पहिली आलीस तर शंकरशेट स्कॉलरशिप. मला 41 पडले." पुतळ्याकडे बघून, "पडले हो 41."

मी तिला सांगितलं की या सोसायटीत सुरुवातीला हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला सभासदच करून घेत नसत. माणकजी करसेटजींनी अर्ज केला, तो नाकारला, आणि अखेर 1840 मध्ये त्यांना घेतलं. तो पहिला हिंदी सभासद. मावशी म्हणाली, "म्हणजे त्यांनासुद्धा दारात विचारलं असेल. काय काम आहे?" आदल्या रात्री मी तिला माझी कहाणी सांगितली होती. ऊसतोडीच्या पोरांची सांगितली नव्हती.

पुढचा दीड तास ती वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून होती. तीन मराठी पेपर, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. आजूबाजूला बहुतेक सगळे निवृत्त पुरुष, एक स्पर्धा परीक्षेचा मुलगा, एक जण चष्म्यासकट झोपलेला. बाई ती एकटीच. शेजारच्या आजोबांनी न बोलता चौथा पेपर तिच्याकडे सरकवला. ती मान हलवून 'थँक्यू' म्हणाली आणि वाचत राहिली. मी तेवढ्यात कपाटं बघायला जाणार होतो. गेलो नाही. समोर बसून तिलाच बघत राहिलो. घरी मी तिला पेपर वाचताना कधी पाहिलेलं नाही. पेपर येतो, पण आधी मेव्हण्यांकडे, मग भावाकडे, आणि तिच्याकडे पोचतो तेव्हा त्यात कोथिंबीर असते.

उतरताना त्रास जास्त झाला. चढताना गुडघे बोलतात, उतरताना ओरडतात, असं ती म्हणाली. सव्वा वाजून गेला होता, ऊन समोरून येत होतं. चौथ्या पायरीवर ती बसली, रुमाल डोक्यावर घेतला, डबा उघडला. पोळी आणि परवाचीच भेंडी. निम्मी मला.

दोन घास झाले नाहीत तोच फोटोग्राफरचा पोऱ्या आला. "आंटी, जरा साइडला होता का? फ्रेममध्ये येताय."

मी तोंड उघडणार होतो. मावशीने घास संपवला, पाणी प्यायली.

"हो होते. पण त्या मुलीला आधी आत नेऊन आण. एवढ्या कपड्यांत उन्हात उभी आहे. आत पंखे आहेत."

"आत सोडतात?"

"सही करायची."

"आत काय आहे पण?"

"आमचे नाना आहेत," मावशी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून दोन हात डावीकडे सरकली.