पायवाटांचा नकाशा: स्क्रिप्ट चालते, आकडे मात्र तपासून घ्यावे लागतात

पायवाटांच्या प्रकल्पाचं गाडं बरंच पुढे सरकलंय. जीपीएसने टिपलेल्या जीपीएक्स फाइल्स वाचायच्या, त्या उंचीच्या रास्टरवर (चौकटी-चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत तिथली उंची) टाकायच्या आणि प्रत्येक वाटेची लांबी, एकूण चढ आणि सगळ्यात कडक उतार काढायचा, एवढं काम पायथनची स्क्रिप्ट आता न अडखळता करते. एरर एकही येत नाही. डोकेदुखी तिथूनच सुरू झाली. एरर देऊन थांबणारी स्क्रिप्ट परवडते. मुकाट्याने चुकीचा आकडा देणारी नाही परवडत. म्हणून या वेळची नोंद अशा न बोलणाऱ्या चुकांबद्दल.

आधी लांबी. शेपलीला, म्हणजे पायथनच्या भूमितीच्या लायब्ररीला, विचारलं तर अख्खी वाट ०.०७ लांबीची. जीपीएक्समधले बिंदू अक्षांश-रेखांशात असतात आणि शेपलीला निव्वळ भूमिती कळते, पृथ्वी नाही. त्यामुळे हे उत्तर अंशांतलं. आकडाच इतका हास्यास्पद की कुणीही ओळखेल. घात होतो तो यावर चटकन सुचणाऱ्या उपायात, म्हणजे लेयर (नकाशातला थर) ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या निर्देशांक पद्धतीत नेण्यात. हेच ते वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशांच्या टाइल्स ज्यात असतात ते. एकक मीटर, उत्तर काही हजारांत, सगळं पटण्यासारखं. पण विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं तसतशी यात लांबी फुगत जाते. ४५ अंशांवर ती सुमारे ४१ टक्के जास्त भरते, ६० अंशांवर थेट दुप्पट, आणि तिथलं क्षेत्रफळ चौपट. मोजमापासाठी यूटीएमच बरं, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून प्रत्येकात मीटरमध्ये मोजणारी पद्धत. झोनच्या मध्य रेखांशावर प्रमाण ०.९९९६, म्हणजे एका किलोमीटरमागे ४० सेंटिमीटरचा फरक. पायवाटेला एवढं चालतं. जिओपँडाज या पायथन लायब्ररीतलं एस्टिमेट-यूटीएम-सीआरएस हे फंक्शन झोन आपणहून शोधून देतं. झोन ६ अंशांचे असतात, त्यामुळे वाट सीमेपलीकडे दूर जात असेल तर पायप्रोज या निर्देशांक बदलणाऱ्या लायब्ररीतला जिओड वापरून सरळ एलिप्सॉइडवरच (पृथ्वीचा किंचित चपटा गणिती गोल) लांबी काढावी.

आता जिओपँडाजची सेट-सीआरएस आणि टू-सीआरएस ही दोन फंक्शन्स (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धत). नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडकतो. पहिलं फंक्शन डब्यावर चिठ्ठी चिकटवतं, आतला माल तोच राहतो. दुसरं आकडे खरोखर बदलतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्येही लेयरचा सीआरएस ठरवणं वेगळं आणि लेयर रीप्रोजेक्ट करणं वेगळं. अंशांतल्या वाटेला नुसतं यूटीएम म्हणून जाहीर केलं की ०.०७ अंशांचे ०.०७ मीटर होतात, आणि दिवसभराची चाल सात सेंटिमीटरांत मावते. ती सापडते कुठे, तर विषुववृत्तालगत, झोनच्या मध्य रेखांशापासून सुमारे ५०० किलोमीटर पश्चिमेला, कारण यूटीएममध्ये मध्य रेखांशाला ५,००,००० मीटर ही किंमत दिलेली असते. तेव्हा ‘झूम टू लेयर’ केल्यावर नकाशा भलतीकडेच उडाला तर डेटा खराब झाला असं समजून भुई धोपटत बसू नका. लेयरचा विस्तार उघडून आकडे बघा. १८० च्या आतले असतील तर ते बहुधा अंश, लाखांत असतील तर मीटर. लेयरला आधीच वेगळा सीआरएस असेल तर जिओपँडाज सेट-सीआरएसला हरकत घेतं, आणि ती हरकत अलाऊ-ओव्हरराइड देऊन गप्प करता येते. तो पर्याय मी स्क्रिप्टमध्ये कुठेही ठेवलेला नाही.

याचंच भावंड म्हणजे अक्षांश आधी की रेखांश. ईपीएसजी ४३२६, म्हणजे जीपीएसची अक्षांश-रेखांश पद्धत, हिच्या व्याख्येत अक्षांश पहिला येतो, पण वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर रेखांशच आधी धरत आलं. २०१९ मध्ये आलेल्या जीडॅल ३ (नकाशांच्या फाइल्स वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) पासून व्याख्येतला क्रम पाळला जातो, आणि जुन्या स्क्रिप्ट्स तिथे फसतात. पायप्रोजचा ट्रान्सफॉर्मर बनवताना ऑलवेज-एक्सवाय चालू ठेवलं की प्रश्न मिटतो. रेखांश ९० च्या वर असेल तर अदलाबदल लगेच उघडी पडते, कारण ९० च्या वर अक्षांश नसतोच आणि उत्तर अनंत येतं. दोन्ही आकडे ९० च्या आत असले की कुणीच कुरकुर करत नाही, वाट फक्त दुसऱ्याच खंडात उमटते.

बहुतेक वेळ मात्र उंचीने खाल्ला. रास्टर एसआरटीएमचं आहे: फेब्रुवारी २००० मध्ये अवकाश शटलवरच्या रडारने केलेली मोजणी, एका आर्कसेकंदाची जाळी, म्हणजे साधारण ३० मीटरचा पिक्सेल. रडारला जिथे उंची मिळाली नाही तिथे मूळ डेटात −३२७६८ भरलेलं असतं. टाइल्स जोडताना नोडेटाची (‘इथे माहिती नाही’ ही खूण) किंमत स्पष्ट सांगितली नाही, तर ही खूण गळून पडू शकते आणि −३२७६८ ही चक्क उंची ठरते. वाटेतला एक बिंदू जरी तसल्या पिक्सेलवर पडला, तरी चढ तेहतीस हजार मीटरनी वाढतो. असलं उत्तर निदान डोळ्यांत भरतं. शेकडो वाटांची सरासरी काढताना मात्र ते बेमालूम मुरतं. आता स्क्रिप्ट रास्टर उघडताच किमान आणि कमाल किंमत छापते.

उताराची तऱ्हा वेगळी. रास्टर अंशांत, उंची मीटरमध्ये, आणि प्रमाण न सांगता जीडॅलडेम, म्हणजे जीडॅलचं उतार काढणारं साधन, चालवलं तर, निदान जुन्या आवृत्त्यांत, सपाट मैदानाचासुद्धा कडा होतो, जवळपास सगळीकडे ९० अंशांच्या आसपास. १,११,१२० हे प्रमाण दिलं की चित्र सुधारतं. पण तो एका अंशाचा मीटरमधला हिशोब आहे आणि पूर्व-पश्चिम दिशेने तो विषुववृत्ताजवळच खरा ठरतो. त्यापेक्षा रास्टरच यूटीएममध्ये न्यावं, आणि नेताना रीसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलांच्या किमती काढायची पद्धत) बायलिनियर निवडावं, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची भारित सरासरी. निअरेस्टने, म्हणजे सगळ्यात जवळच्या पिक्सेलची किंमत उचलून, नेलं तर हिलशेडवर (उंचसखलपणा सावलीतून दाखवणारं चित्र) आडव्या-उभ्या रेघोट्या उठतात. (जमीनवापरासारखे वर्ग असलेलं रास्टर असेल तर नेमकं उलट: तिथे निअरेस्टच, नाहीतर वर्ग २ आणि वर्ग ४ यांच्यामधून नसलेला वर्ग ३ जन्माला येतो.)

मग जीपीएसची उंची आणि रास्टरची उंची एकमेकींशी का जुळत नाहीत? दोघींतला फरक वाटेच्या लांबीवर आलेखात काढला की निम्मं उत्तर मिळतं. फरक जवळपास एकसारखा राहत असेल तर संशय उंचीच्या पायावर घ्यावा. काही उपकरणं एलिप्सॉइडपासूनची उंची लिहितात. एसआरटीएमची उंची ईजीएम९६ या जिऑइडपासूनची, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासूनची असते. या दोन पृष्ठभागांतलं अंतर जगभरात साधारण −१०६ ते +८५ मीटर असं बदलतं. फरक वेडावाकडा उड्या मारत असेल तर तो गोंगाट, आणि जिऑइडची दुरुस्ती करून तो जाणार नाही.

एकूण चढ या आकड्यावरचा माझा विश्वास या सगळ्यात बराच कमी झालाय. डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी, जवळपास सपाट वाट घ्या. जीपीएसची रेघ दोन-चार मीटर इकडे-तिकडे डुलते, ३० मीटरच्या पिक्सेलची हद्द ओलांडते, परत येते. रास्टर वाचणाऱ्या रास्टेरिओ लायब्ररीचं सॅम्पल हे फंक्शन त्या-त्या पिक्सेलची किंमत तशीच उचलतं, आणि प्रत्येक ओलांडणीला दहा-पंधरा मीटरचा चढ कागदावर जमा होतो. पायांना न लागलेला चढ! शेजारच्या पिक्सेलांतून बायलिनियर पद्धतीने उंची काढल्यावर हे खूपच आटोक्यात आलं. त्यावर ५ मीटरचा उंबरठा ठेवलाय, म्हणजे त्याहून लहान चढ-उतार मोजायचेच नाहीत. उंबरठा बदलला की बेरीज बदलते, त्यामुळे निकालाच्या तक्त्यात चढाशेजारी उंबरठाही लिहितो. इतरांनी दिलेला चढाचा आकडा उंबरठा माहीत नसताना आपल्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

किरकोळ डागडुजी बरीच झाली. नकाशाचा डेटा साठवायला शेपफाइल सोडून जिओपॅकेज या फाइल प्रकारावर आलो. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट्स, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. म्हणजे ‘चढाई’ एवढा शब्दही मावत नाही, कारण काना धरून त्याचे १२ बाइट्स होतात. जिओपॅकेज ही आतून एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल असते, त्यामुळे क्यूजीआयएसमध्ये ती उघडी असताना शेजारी डब्ल्यूएएल फाइल (मुख्य फाइलमध्ये अजून न मिसळलेल्या बदलांची) दिसू शकते. तेव्हा फक्त मुख्य फाइलची कॉपी घेतली तर शेवटचे बदल मागे राहू शकतात. आधी प्रोजेक्ट बंद करावा, मग कॉपी. जीडॅलने लिहिलेलं रास्टर रिकामं निघालं तर डेटासेट बंद केलाय का ते बघावं. पायथनमध्ये तो व्हेरिएबल नन (None, म्हणजे रिकामा) केल्याशिवाय सगळं डिस्कवर उतरेलच असं नाही.

दुसऱ्या संगणकावर हीच स्क्रिप्ट प्रोज डॉट डीबी ही निर्देशांक पद्धतींची माहिती असलेली फाइल सापडत नाही म्हणून अडलीय. तिथे आधीच्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने प्रोज-लिब हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्वतःच्या जुन्या फोल्डरकडे वळवून ठेवलंय. ते काढून, सगळ्या लायब्ररी कोंडा-फोर्जच्या (पायथन पॅकेजांचा संग्रह) एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये नव्याने बसवतोय. ते झालं की वाटा आणि ओढे कुठे छेदतात ते काढायला घेईन.