खिंडसीच्या काठी एका गंजातली कॉफी

नागपूरहून खिंडसीला जायचे म्हणजे जबलपूर महामार्गाने कामठी, कन्हान मागे टाकून मनसरला रामटेककडे वळायचे. तलाव रामटेकपासून अगदी जवळ आहे. डिसेंबरात आम्ही सहा जण दोन फुगवायच्या कयाक आणि तंबू घेऊन तिथे मुक्कामाला गेलो. वल्हवण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण सकाळचे पाणी संथ होते आणि लाइफ जॅकेट घालून किनाऱ्या-किनाऱ्यानेच फिरायचे, असे आधीच ठरले होते. सांगायचे आहे ते कॉफीविषयी.

आमच्यातल्या एका मित्राने एअरोप्रेस, म्हणजे हाताने दाबून कॉफी गाळायचे नळकांडे, आणले होते. ॲलन ॲडलर यांनी 2005 मध्ये बाजारात आणलेले हे उपकरण हलके आहे, फुटत नाही आणि त्यातली कॉफी उत्तम होते, याबद्दल माझे दुमत नाही. पण ते एका वेळी एकाच माणसाचे भागवते. सहाव्याच्या हाती पेला येईपर्यंत पहिल्याचा रिकामा झालेला असतो आणि मधले चौघे थंडीत हात चोळत उभे असतात. डेऱ्यावरची कॉफी एकाच भांड्यातून, सर्वांना एकदम मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी घरचा ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेले, घेतला होता.

पाणीही घरूनच नेले होते. आमच्याकडच्या बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातले क्षार कॉफीची सुखद आंबट चव मारून टाकतात. नागपूरच्या नळाला येणारे पाणी बरेचसे पेंच प्रकल्पाचे, म्हणजे रामटेकच्या शेजारच्या पारशिवनी तालुक्यातले. तेव्हा आम्ही ते कॅनमध्ये भरून जवळजवळ माहेरीच पोचवत होतो.

काठावर सागाची वाळलेली पाने पसरली होती, त्यामुळे चूल न मांडता लहान गॅस शेगडी लावली आणि वाऱ्याच्या बाजूने सामानाच्या पेट्यांचा आडोसा केला. एक लिटर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर शेगडी बंद केली, अर्धा मिनिट थांबलो आणि निघण्याच्या आदल्या रात्री जाडसर दळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेली 60 ग्रॅम पूड त्यात सोडली. पूड आधी फुगून वर येते, तिचा तपकिरी थर जमतो. तो पळीने एकदा हलकेच मोडायचा आणि झाकण ठेवून चार मिनिटे हात लावायचा नाही. पूड पाण्यात असताना गंज पुन्हा उकळला, तर कॉफी कडूजहर होते. शेवटी थंड पाण्याचा शिपका मारला की राहिलेला चोथाही तळाशी बसू लागतो. मग गंज न हिंदकळता वरची कॉफी पळीने काढायची. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो. त्यामुळे लिटरातून सहा पेले जेमतेम भरतात आणि तळाचा घोट कोणी मागू नये हे बरे.

त्या दिवशी मात्र पेले सात लागले. डोंगा घेऊन जाळे काढायला आलेले एक वयस्क ढीवर काका आमच्याकडे पाहत होते, त्यांना हाक मारली. त्यांनी एक घोट घेतला, पेल्यात निरखून पाहिले आणि विचारले, “असं कडूच पेता का जी तुमी?” साखरेचा डबा पुढे केला, तेव्हा त्यांनी चार चमचे घालून घेतली आणि “आता जमलं” म्हणून बसून घेतले. निघताना त्यांनी डोंग्यातले ओंजळभर शिंगाडे आमच्या ताटात ओतले. ते सोलता सोलता एअरोप्रेसवाल्या मित्राने गंजात डोकावून विचारले, की अजून एक लिटर पाणी ठेवायला काय हरकत आहे. पाणी ठेवले, यावेळी साखरेचा डबा आधीच मधोमध ठेवला होता आणि चोथा तलावात न टाकता पिशवीत बांधून घेतला.