पालियाकातेच्या मागावर: मेक्सिकोच्या ग्रंथालयांत पाच आठवडे

मेक्सिकोतले शेतकरी, मजूर आणि लोकनर्तक गळ्याला किंवा डोक्याला जो लाल, बुट्टेदार सुती रुमाल बांधतात, त्याला तिथे 'पालियाकाते' म्हणतात. स्वातंत्र्ययुद्धाचे सेनानी होसे मारिया मोरेलोस यांच्या प्रसिद्ध चित्रांत त्यांच्या डोक्याला असेच फडके घट्ट बांधलेले दिसते. या शब्दाचे मूळ चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या पुलिकत या जुन्या बंदराच्या नावात आहे, असे मानले जाते. चोळमंडल किनाऱ्यावरच्या एका गावाचे नाव पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोच्या बाजारपेठेत इतके रुळावे की तिथल्या माणसाला ते आपलेच वाटावे, हे कसे घडले असेल, हा प्रश्न काही वर्षे माझ्या मनात होता. हिंदुस्थानी सुती कापड मेक्सिकोत कोणत्या वाटेने गेले, ते कोणी विकले आणि कोणी अंगावर घातले, याचा शोध घेण्यासाठी मी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये पाच आठवडे मेक्सिको शहरात आणि जवळच्या पुएब्ला शहरात काढले. मेक्सिकोचा व्यापार, उद्योग किंवा संस्कृती यांपैकी कशावरही तिथल्या ग्रंथालयांत काम करू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. १५६५ साली आंद्रेस दे उर्दानेता यांनी फिलिपिन्सहून मेक्सिकोला परतण्याचा सागरी मार्ग शोधला आणि तेव्हापासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, फिलिपिन्समधले मनिला आणि मेक्सिकोतले आकापुल्को या बंदरांमध्ये स्पॅनिश जहाजांची ये-जा चालू राहिली. मेक्सिकोतले लोक या जहाजाला 'नाओ दे चिना', म्हणजे चीनचे जहाज, म्हणत. परंतु त्यात चिनी रेशीम आणि चिनीमातीची भांडी यांच्या जोडीला गुजरात, बंगाल आणि चोळमंडल येथील सुती कापडही असे. परतीच्या प्रवासात जहाज भरून मुख्यतः चांदी जाई. मेक्सिकोच्या टाकसाळीत पाडलेली आठ रियालची नाणी आशियाभर चालत, आणि परदेशी चांदीची अशी नाणी सुरतेच्या टाकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. स्पेनमधल्या सेव्हिलच्या व्यापाऱ्यांना ही स्पर्धा नको होती, म्हणून स्पेनच्या राजाने १५९३ साली मर्यादा घातली: आकापुल्कोला अडीच लाख पेसोंपेक्षा अधिक किमतीचा माल उतरवायचा नाही आणि परत जाताना पाच लाख पेसोंहून अधिक चांदी न्यायची नाही. ही मर्यादा सर्रास मोडली जाई. अभ्यासकाने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवली पाहिजे, कारण त्यामुळे सरकारी नोंदवहीतला आकडा हा झालेल्या व्यापाराचा आकडा नसून दाखवलेल्या व्यापाराचा आकडा असतो. मेक्सिकोत एकाच दप्तरखान्यावर विसंबून चालत नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

तयारीचा मोठा भाग घरी बसूनच होतो आणि तो तसाच करावा. स्पेनमधल्या सरकारी दप्तरखान्यांचे 'पारेस' हे संकेतस्थळ विनामूल्य असून सेव्हिलच्या इंडीज दप्तरखान्यातील, म्हणजे स्पेनच्या वसाहतींच्या दप्तरातील, असंख्य कागदांच्या प्रतिमा त्यावर पाहता येतात. मेक्सिकोच्या राष्ट्रीय नियतकालिक संग्रहाचेही अंकीय रूप खुले आहे. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांत शब्द घालून शोध घेता येतो. मी पुण्यातून निघण्यापूर्वी दीडशेच्या आसपास कागदपत्रांचे क्रमांक टिपून नेले होते. तरीही एक चूक झाली. काही ठिकाणी मी फक्त खंडाचा क्रमांक लिहिला होता. त्या खंडातल्या प्रकरणाचा, ज्याला तिथे 'एक्सपेदियेंते' म्हणतात, त्याचा क्रमांक घेतलाच नव्हता. शेकडो पानांच्या खंडात एकेक प्रकरण शोधण्यात माझे दोन पूर्ण दिवस गेले. टिपण करताना दप्तराचे नाव, खंड किंवा पेटी, प्रकरण आणि पान अशा चारही गोष्टी लिहाव्यात. पानाला तिथे 'फोहा' म्हणतात आणि त्याच्या मागच्या बाजूची नोंद वेगळी करावी लागते.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे आपल्या संस्थेचे परिचयपत्र. ते स्पॅनिशमध्ये असावे, संस्थेच्या नावाच्या छापील कागदावर असावे, त्यावर सही असावी आणि गोल शिक्काही असावा. माझ्या पत्रावर शिक्का नव्हता. एका ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागातून मला त्याच कारणाने परत पाठवले, आणि साडेअकरा तासांच्या वेळेच्या फरकामुळे पुण्याहून नवे पत्र येईपर्यंत चार दिवस वाया गेले. अशा पत्राच्या पाच-सहा मूळ प्रती बरोबर ठेवाव्यात. व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील मेक्सिकोच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.

सुट्ट्यांचे गणित आधी मांडावे. ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा आणि डिसेंबरचा उत्तरार्ध हे काळ टाळावेत. राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ जुलैमध्ये सुमारे तीन आठवडे बंद असते, आणि राष्ट्रीय ग्रंथालय त्याच विद्यापीठाच्या आवारात असल्यामुळे त्या काळात गेलेला परदेशी अभ्यासक अडकून पडतो. जून ते सप्टेंबर दुपारनंतर जोराचा पाऊस पडतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस जिना चढतानाही दम लागतो. ते दिवस नोंदणी आणि परिसराची ओळख यांसाठी ठेवावेत.

राष्ट्रीय दप्तरखाना लेकुंबेरी या इमारतीत आहे. १९०० साली उघडलेला हा तुरुंग १९७६ मध्ये बंद झाला आणि १९८२ मध्ये तिथे दप्तर आले. मधोमध टेहळणीची जागा आणि तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या लांबलचक ओळी अशी त्याची रचना आहे. चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस १९६० ते १९६४ या काळात इथेच कैदेत होते. सान लासारो या मेट्रो स्थानकावरून तिथे पायी जाता येते, पण अंधार पडण्यापूर्वी परतावे. ओळखपत्र म्हणून पारपत्र लागते. पिशवी, पेन आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवावी लागते. पेन्सिल, कोरे कागद, हातमोजे आणि मुखपट्टी स्वतःची न्यावी. फ्लॅश न वापरता छायाचित्रे घेण्याची परवानगी मला मिळाली, परंतु ती प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्यावी.

दप्तर विषयवार विभागलेले आहे. माझ्या कामाचे विभाग म्हणजे 'फिलिपिनास', व्यापारी मंडळाचे 'कोन्सुलादो', विक्रीवरच्या कराचे 'आल्काबालास' आणि, अनपेक्षितपणे, कॅथलिक धर्मन्यायालयाचे 'इन्क्विसिसिओन'. हे व्यापारी मंडळ १५९२ साली राजाज्ञेने स्थापन झाले आणि मेक्सिको शहरातले घाऊक व्यापारी त्यात असत. त्यांची भांडणे, अर्ज आणि खटले वाचले म्हणजे बाजार कसा चालत होता ते कळते. धर्मन्यायालयाच्या कागदांचा उपयोग वेगळ्या कारणाने होतो. आरोपीची मालमत्ता जप्त करताना घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी केली जाई, आणि त्या यादीत कपड्यांचे वर्णन धाग्यापर्यंत येते. व्यापाऱ्याने जकातीला लपवलेले कापड अशा यादीत कोणाच्या तरी पेटाऱ्यात घडी घातलेले सापडते. खंबायतच्या नावावरून आलेला 'कांबाया' हा शब्द मेक्सिकोत आजही रेघांच्या आणि चौकटीच्या सुती कापडासाठी वापरला जातो. पहिल्यांदा तो वाचला, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ नुसती त्या ओळीकडे पाहत राहिले.

ज्यांना मोडी येते, त्यांनी सतराव्या शतकातल्या स्पॅनिश अक्षराला घाबरू नये. न्यायालयीन लेखनिकांचे एक वळण आहे, त्याला तिथे साखळीचे अक्षर म्हणतात, कारण लेखणी न उचलता शब्दामागून शब्द गुंफलेले असतात. मोडीतही लेखणी उचलली जात नाही, आणि ठरावीक शब्दांची ठरावीक संक्षिप्त रूपे दोन्हीकडे आहेत. पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, उघडून वाचलेल्या माणसाला शब्द तोडायचे कुठे याची जी सवय झालेली असते, ती इथे फार कामी येते. मी पहिले तीन दिवस फक्त संक्षेपांची यादी केली आणि नंतर वाचनाचा वेग दुपटीहून अधिक वाढला.

आधुनिक व्यापार आणि अर्थकारण हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी सरळ अर्थमंत्रालयाच्या मिगेल लेर्दो दे तेहादा ग्रंथालयात जावे. ते जुन्या शहरात, एका पूर्वीच्या चर्चच्या वास्तूत आहे. वृत्तपत्रे, सरकारी अहवाल आणि विषयवार लावलेली आर्थिक कात्रणे हे त्याचे खरे धन आहे. रेल्वे, तेल, कापूस, साखर अशा विषयांवर वर्षानुवर्षांची कात्रणे एकत्र मिळतात. वाचनालयाच्या भिंती व्लादी या चित्रकाराने सुमारे दोन हजार चौरस मीटर क्षेत्रात रंगवल्या आहेत. त्याखाली बसून जुनी वृत्तपत्रे चाळताना मान वर गेली की लाल-निळ्या रंगांचा लोट अंगावर येतो. परकीय व्यापार बँकेचे १९५१ पासूनचे मासिक, आकडेवारीसाठी राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची प्रकाशने, आणि सामाजिक शास्त्रांसाठी शहराच्या दक्षिण टोकाला असलेले कोलेहियो दे मेहिकोचे दानिएल कोसियो विजेगास ग्रंथालय, ही याच कामातली पुढची ठिकाणे. कोलेहियोत पुस्तके उघड्या मांडणीवर असल्यामुळे एका पुस्तकाच्या शेजारी दुसरे हवे ते पुस्तक हाती लागते.

लेर्दो ग्रंथालयातून पायी सोकालो या मुख्य चौकात गेले. या चौकाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात १७०३ साली 'पारियान' नावाचा बाजार पूर्ण झाला. मनिलातल्या चिनी व्यापाऱ्यांच्या पेठेवरून त्याचे नाव पडले आणि आशियाई माल तिथे विकला जाई. १८२८ च्या दंगलीत तो लुटला गेला आणि १८४३ मध्ये पाडला गेला. आज तिथे फक्त मोकळी फरसबंदी आहे. आठवडाभर ज्या दुकानांचे तंटे वाचले होते, त्यांच्या जागेवर उभे राहिल्यावर कागदातली नावे एकदम खरी वाटू लागली. बाजूच्याच मोनेदा रस्त्यावर जुनी टाकसाळ आहे. तिथे आता जगातल्या संस्कृतींचे संग्रहालय आहे.

तिथून शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत फार दूर नाही. मराठी माणसाने तिथे जावेच. दिएगो रिव्हेरा यांच्या 'आमची भाकर' या भित्तिचित्रात भोजनाच्या मेजाशी बसून पाव मोडणारी व्यक्ती म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे असल्याचे सांगतात. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक मेक्सिकोत कृषितज्ज्ञ झाला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला आणि मक्याच्या वाणांवर त्याने काम केले. त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्यांनी तेस्कोकोजवळच्या चापिंगोला स्वतंत्र दिवस द्यावा.

पुएब्लासाठी बस सान लासारो स्थानकाला लागूनच असलेल्या पूर्वेच्या बसस्थानकातून सुटते आणि दोन तासांत पोहोचवते. तिथले पालाफोक्सियाना ग्रंथालय १६४६ साली बिशप हुआन दे पालाफोक्स यांनी दिलेल्या पाच हजार ग्रंथांतून उभे राहिले; आज तिथे पंचेचाळीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. प्रवासी म्हणून दालन पाहणे आणि अभ्यासक म्हणून ग्रंथ मागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी काही आठवडे आधी पत्रव्यवहार करावा. देवदाराच्या तीन मजली मांडण्यांना उन्हाळलेल्या लाकडाचा मंद वास येतो.

याच शहरात कातारिना दे सान हुआन ही स्त्री राहिली आणि १६८८ मध्ये वारली. हिंदुस्थानातून गुलाम म्हणून पळवून तिला मनिलामार्गे आकापुल्कोला आणले होते. पुएब्लात ती साध्वी म्हणून पूजली गेली, तिच्या कबुलीजबाब ऐकणाऱ्या जेझुइट पाद्र्याने तिचे प्रदीर्घ चरित्र लिहिले, आणि पुढे धर्मन्यायालयाने त्यावर बंदी घातली. जेझुइटांच्या चर्चमध्ये तिच्या नावाची पाटी आहे. कापडाच्या गाठींबरोबर त्या जहाजांतून माणसेही विकायला आणली जात होती, हे व्यापाराच्या हिशेबांत रमलेल्या अभ्यासकाने विसरू नये, असे मला तिथे उभे असताना तीव्रतेने वाटले.

जेवणाचे हाल होत नाहीत. दुपारी लहान खाणावळींत सूप, भात आणि एक पदार्थ असे ठरावीक जेवण स्वस्तात मिळते. शाकाहारी असाल तर राजम्यासारख्या उसळीत डुकराची चरबी घातली आहे का ते विचारावे. 'सिन मांतेका', म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द पुरतात. फळांच्या गाडीवर 'चिकोसापोते' मागितले की आपला चिकू पुढे येतो, आणि नावही तिकडूनच आले आहे.

परतण्यापूर्वी लागुनिया बाजारातून मी एक लाल पालियाकाते घेतला. घरी आल्यावर टिपणांशी ताडून पाहिले, तेव्हा राहिलेले काम स्पष्ट दिसले. कापड कोणी आणले याची उत्तरे बऱ्यापैकी मिळतात. ते कोणी वापरले, याची उत्तरे नोटरींच्या दप्तरात, मृत्युपत्रांत आणि मुलीच्या हुंड्याच्या याद्यांत आहेत. मेक्सिको शहराच्या नोटरी दप्तरासाठी मी तीनच दिवस राखले होते. पुढे जाणाऱ्याने किमान दोन आठवडे तिथे द्यावेत, आणि शक्य असल्यास सुरुवातच तिथून करावी.