लिंकनचा बाप खरंच आळशी होता का?

आम्ही दक्षिण इंडियानात राहतो. त्यामुळे भारतातून कुणी आलं की लिंकन जिथे वाढला ते शेत दाखवायला नेणं ओघानं येतंच. आपला मराठी माणूस लिंकनला ओळखतो तो शाळेच्या भिंतीवर लावलेल्या हेडमास्तरांच्या पत्रामुळे. (ते पत्र लिंकनच्या कागदपत्रांत कुठेही सापडत नाही, पण पाहुण्यांचा विरस कशाला करा.) पोराच्या शिक्षणाची एवढी काळजी वाहणारा बाप, ही त्याची प्रतिमा आपल्या मनात पक्की. इथे आल्यावर कळतं की त्याच्या स्वतःच्या बापाला जेमतेम सही करता यायची, तो पोराला दुसऱ्यांच्या शेतावर राबायला पाठवून मजुरी आपण घ्यायचा, आणि तो वारला तेव्हा लिंकन अंत्यविधीला गेला नाही. मग प्रश्न येतोच: "म्हणजे बाप आळशीच होता ना हो? नाहीतर सारखी गावं कशाला बदलली असती?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. टॉमस लिंकन आळशी नव्हता. त्याच्या जमिनीचे कागद वाईट होते.

घराणं मूळ इंग्लंडमधल्या नॉरफकचं. १६३७ मध्ये सॅम्युअल लिंकन नावाचा, विणकराकडे उमेदवारी करणारा पोरगा मॅसॅच्युसेट्समध्ये उतरला. पुढच्या पिढ्या न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशा सरकत गेल्या, आणि जातील तिथे त्यांनी चांगला जमीनजुमला केला. टॉमसच्या वडिलांचं नावही अब्राहमच. टॉमस लहान असतानाच ते बिऱ्हाड घेऊन व्हर्जिनियाच्या पश्चिमेला केंटकीत गेले. त्या रानात शॉनी आणि चेरोकी हे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आलेले. गोऱ्यांनी गोऱ्यांना लिहून दिलेले कागद त्यांनी का मानावेत? १७८६ च्या मे महिन्यात शेतात काम करताना या थोरल्या अब्राहमला गोळी लागली. आठ वर्षांचा टॉमस तिथेच होता. हल्लेखोर त्याच्यापर्यंत पोचला, तेवढ्यात थोरला भाऊ मॉर्डेकाय यानं घरात धाव घेऊन बंदुकीनं त्याला टिपलं. हा प्रसंग आपल्या मनावर जितका ठसला आहे तितकं दुसरं काहीच ठसलेलं नाही, असं नातू लिंकननं पुढे एका पत्रात लिहिलं आहे.

पण टॉमसचं खरं नुकसान झालं ते त्यानंतर. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडत होतं आणि तिथल्या कायद्यानं मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. हा कायदा बदलून सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा नवा कायदा मंजूरही झाला होता, पण तो लागू व्हायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. म्हणजे बाप आणखी आठ महिने जगता तर टॉमसला वाटणी मिळाली असती. पाच हजारांहून अधिक एकर मॉर्डेकायच्या नावावर गेले. धाकटा टॉमस मोलमजुरी करत वाढला. शाळा कुठली आणि कोण घालणार?

तरीही या माणसानं सुतारकाम शिकून, पैसे साठवून १८०३ मध्ये केंटकीत २३८ एकर घेतले. दहा-अकरा वर्षांनी विकायला काढले तेव्हा मोजणीत भरले २००. तोटा खाऊन विकले. १८०८ च्या डिसेंबरात दोनशे डॉलर मोजून सिंकिंग स्प्रिंगची जमीन घेतली, जिथे दोन महिन्यांनी अब्राहम जन्मला. तिच्या मालकीवरून कोर्टकज्जा झाला आणि ती गेली. मग नॉब क्रीकवर तीस एकर कसायला घेतले. तिथे जुन्या धन्याचे फिलाडेल्फियातले वारस उगवले आणि त्यांनी टॉमसवर आणि शेजाऱ्यांवर जमीन खाली करण्याचा दावा लावला.

सातबारा, फेरफार, मोजणी हे शब्द ज्यांच्या घरात जेवताना निघतात त्यांना यात नवल वाटू नये. केंटकीत सरकारनं आधी मोजणी केलीच नव्हती. ज्यानं त्यानं आपापला मोजणीदार आणायचा आणि हद्द लिहायची: अमक्या ओढ्यापासून तमक्या ओकच्या झाडापर्यंत. सिंकिंग स्प्रिंगच्या हद्दीचा असा एक पांढरा ओक पार १९७६ पर्यंत उभा होता, तो तरी टिकला. एरवी झाड पडतं, ओढा पात्र बदलतो, आणि एका रानावर कौलांसारखे एकावर एक तीन-चार दावे चढतात. टॉमस कंगाल होता असंही नाही. १८१४ च्या करयादीत त्याच्या भागातल्या ९८ मालमत्ताधारकांत तो पंधरावा होता. त्याला वाचता येत नव्हतं, वकील परवडत नव्हता, एवढंच. मुलानं पुढे लिहून ठेवलं की केंटकी सोडलं ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या भानगडींमुळे. गुलामगिरीचं कारणही खोटं नाही. लिंकन कुटुंब ज्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जायचं ती गुलामगिरीच्या विरोधातली होती.

१८१६ च्या शेवटी हे लोक ओहायो नदी ओलांडून इंडियानात आले. इथे केंद्र सरकारनं आधी चौकोन आखून मोजणी केली होती आणि सरकार स्वतः विकत होतं. टॉमसनं एकरी दोन डॉलरच्या दरानं १६० एकर नोंदवले, सगळे पैसे जमले नाहीत तेव्हा निम्मे परत केले, आणि १८२७ मध्ये ८० एकरांचा पक्का कागद मिळवला. आळशी माणूस दहा वर्षं एवढी चिकाटी धरेल असं मला वाटत नाही. त्याच काळात बायको नॅन्सी गेली. १८१८ मध्ये एक विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून पसरलेल्या आजारानं. शवपेटी टॉमसनंच बनवली. वर्षभरानं तो केंटकीत जाऊन सॅरा बुश या ओळखीच्या विधवेशी लग्न करून आला, तिचं देणं फेडून, तिच्या तीन मुलांसकट. त्यानं केलेली कोपऱ्यात बसणारी कपाटं आजही संग्रहालयांत आहेत. सांधे बघा, आळशाचं काम नव्हे ते.

मग मुलाशी का फाटलं? पोराला पुस्तकं हवी होती, बापाला कुऱ्हाड चालवणारे हात. एकविशीपर्यंत मुलाची मजुरी बापाची, हा कायदाच होता. टॉमसनं तो पुरेपूर वापरला, आणि लिंकननं ते मनातून काढलं नाही. इथे मी टॉमसची बाजू घेत नाही.

१८३० मध्ये सगळे इलिनॉयला गेले, आणि वर्षभरात मुलगा वेगळा झाला. पण पुढचं बघा. १८४१ मध्ये वकील झालेल्या लिंकननं बापाच्या शेतातले ४० एकर दोनशे डॉलरना स्वतःच्या नावावर विकत घेतले आणि आईबापांना हयातभर ते कसायचा हक्क लिहून दिला. १८४८ मध्ये जमीन लिलावात जाऊ नये म्हणून बापानं वीस डॉलर मागितले. त्यानं ते पाठवले, वर आपल्याविरुद्धचा निकाल माणूस विसरतो तरी कसा असा वकिली टोमणाही मारला. १८५१ च्या जानेवारीत बाप मरणाला टेकला तेव्हा लिंकननं सावत्र भावाला (सॅराच्या मुलाला) कळवलं की आता भेट झाली तर ती सुखाची होण्यापेक्षा क्लेशाचीच होईल. त्याची स्वतःची बायको आजारी होती हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं हे तो स्वतःच सांगतो. दोन वर्षांनी झालेल्या मुलाचं नाव मात्र त्यानं टॉमस ठेवलं.

त्याच १८५१ मध्ये सावत्र भाऊ जमीन विकून मिसूरीला जायला निघाला. लिंकननं त्याला ठणकावलं: पूर्वेकडचे ४० एकर आई आहे तोवर तिच्यासाठी राहतील, ते विकायचे नाहीत.