मोबाइलवर सगळं असतं की

आमच्या लातूर जिल्ह्यात 'कोचिंग' म्हटलं की नीट आणि जेईई, तिसरं काही नाही. त्यामुळे 'कोचिंगचा कोर्स करायला कोल्हापूरला चाललोय' असं मी शेजारच्या काकांना सांगितलं, तेव्हा ते चहाचा कप तसाच धरून म्हणाले, "सर, सगळी दुनिया कोचिंगला लातूरला येऊलालीय, अन् तुमी लातूर सोडून कोल्हापूरला कामून?" फुटबॉलचं सांगितल्यावर तर त्यांचा चेहरा आणखीच पडला.

मी उदगीरला क्रीडाशिक्षक आहे. माझा स्वतःचा खेळ खो-खो. फुटबॉलशी संबंध एवढाच, की 2017 साली 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याच्या आधी राज्यभर शाळाशाळांतून पोरांना फुटबॉल खेळवायचा शासनाचा कार्यक्रम निघाला आणि आमच्याही शाळेत चेंडू आले. 15 सप्टेंबरला फोटो निघाले, 16 तारखेला चेंडू कपाटात गेले. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा पोरं तीन चकरांत धापा टाकायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ते चेंडू काढा बाहेर. एक टीम करा." शिट्टी माझ्या गळ्यात, आणि मला साधा ऑफसाइड नीट सांगता येत नव्हता.

मग जे सगळे करतात तेच मी केलं. रात्री जेवण झालं की दिवसाच्या दीड जीबीतला उरलेला डेटा आणि दोनशे पानी वही. व्हिडिओ थांबवायचा, मैदानाचा चौकोन काढायचा, बाण काढायचे, पुन्हा चालू करायचा. घरात थट्टा व्हायची, "अहो, पोरगा दहावीला आहे का तुम्ही?"

व्हिडिओंना मी नावं ठेवणार नाही. पायाच्या आतल्या बाजूने पास कसा द्यायचा, हे मी तिथेच शिकलो. टेकवलेला पाय चेंडूच्या अगदी शेजारी, त्याची बोटं जिकडे पास द्यायचा तिकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. वेग कमी करून तीसेक वेळा पाहिलं तेव्हा कुठे डोक्यात बसलं. माणूस एवढ्या वेळा करून दाखवत नाही, आणि दाखवलं तरी आपल्याला विचारायची लाज वाटते. वील कूर्व्हर नावाचे डच प्रशिक्षक होते. 1974 साली त्यांच्या फेयेनूर्ड संघाने यूएफा चषक जिंकला. त्यांनी मोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून त्यांच्या हालचालींचे तुकडे केले आणि त्यातून शिकवण्याची पद्धत उभी केली. म्हणजे पडद्यावरून शिकणं काही आळशाचं काम नाही.

वॉर्मअपचंही तसंच. 'फिफा इलेव्हन प्लस' म्हणून पंधरा व्यायामांचा वीस मिनिटांचा संच आहे. त्याला चेंडूखेरीज फारसं साहित्य लागत नाही. नॉर्वेतल्या 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर केलेला त्याचा अभ्यास 2008 साली छापून आला. हा संच नियमित करणाऱ्या मुलींच्या गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. उडी मारून उतरताना गुडघा आत वळता कामा नये, ही गोष्ट वाचून कळत नाही, दिसावी लागते. आमच्या मुलींना मी तो संच मोबाइलवरच दाखवला. आजही तोच करतो.

घोळ झाला तो पुढे. व्हिडिओतल्या मैदानावर हिरवंगार गवत, बारा पोरं, सोळा चेंडू आणि रंगीबेरंगी कोन. माझ्याकडे मुरमाचं मैदान, त्रेचाळीस पोरं आणि तीन चेंडू. कोनांच्या जागी चपला. मैदानाच्या पश्चिमेला बाभळी. शॉट बाहेर गेला की चेंडू बाभळीखाली, आणि 'फुस्स' असा बारीक आवाज आला की सगळी टीम गप्प. मग दोन पोरं सायकलवर बाजारात. सायकलवाल्याने एकदा ब्लॅडर बाहेर काढून बादलीत बुडवलं, बुडबुडे मोजले आणि म्हणाला, "सर, चौदा भोकं हायत. ह्यात हवा भरू का पाणी?"

तीन चेंडूंत सोळा चेंडूंचा सराव बसवायचा म्हणून मी रांगा लावल्या. एकाने पास द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. वहीतल्या चित्रात फार सुबक दिसायचं ते. आठवड्याभराने सातवीतलं एक पोरगं रांगेतूनच ओरडलं, "सर, आमाला खेळू कवा देताव?" मी त्याला दोन चकरा मारायला लावल्या. आता आठवलं की वाईट वाटतं, बरोबर तेच होतं.

दुसरा फटका 2022 च्या जिल्हा स्पर्धेत बसला. समोरच्या संघाच्या गोलकीपरने गोल किक हळूच शेजारच्या बॅकला दिली, पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या आतच, आणि ते खेळत पुढे निघाले. मी उठून आरडाओरडा केला, चेंडू एरियाबाहेर गेलाच नाही, किक पुन्हा घ्या. पंच शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, "सर, 2019 लाच बदलला की नियम. किक मारून चेंडू हलला की खेळ चालू." मी ज्या व्हिडिओवरून शिकवलं होतं तो कधीचा, हे पाहायचं मला सुचलंच नव्हतं. माझे डिफेंडर माझ्याच सांगण्यावरून एरियाबाहेर उभे राहायचे. चार गोलांनी हरलो. त्यातला एक तरी माझ्या नावावर टाकायला हरकत नाही.

तेव्हा ठरवलं, क्लिनिक, म्हणजे प्रशिक्षकांचं छोटं शिबिर करायचं. आणि पहिल्याच क्लिनिकला फसलो. जागेचं नाव सांगत नाही. दोन दिवस, दीड हजार रुपये, मंगल कार्यालयाचा हॉल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगतं. एका मान्यवरांनी फुटबॉलला तीनदा 'व्हॉलीबॉल' म्हटलं. मग जेवण. मग पडद्यावर स्लाइडा. दुसऱ्या दिवशी मैदानावर जेमतेम तासभर, तोही ग्रुप फोटोला धरून. संध्याकाळी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आणि टोपी. टोपी चांगली होती, उन्हाळ्यात अजून वापरतो. त्यापेक्षा मोबाइल बरा, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणून बसलो आणि पुढे वर्षभर तेच धरून राहिलो.

मन बदललं ते खो-खोमुळे. जुन्या मित्रांबरोबर असाच एकदा सामना खेळत होतो. खांबाला वळसा घातला आणि आमचे म्हातारे सर बाहेरून ओरडले, "अजून तुझा उजवा खांदा पडतोच की रे!" वीस वर्षांपूर्वीही हेच ओरडायचे. माझा खांदा पडतो हे मला आयुष्यात कधी दिसलं नसतं. घरी येताना विचार केला, मी शेकडो व्हिडिओ पाहिले, पण शिकवताना मला कुणी पाहिलंय का?

या वेळी आधी चौकशी केली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक-लायसन्सची उतरंड असते. डी, त्यावर सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी लायसन्सचा कोर्स सहा दिवसांचा. आधी तो करून आलेल्या नांदेडच्या एका सरांना फोन लावून मी तीनच प्रश्न विचारले. मैदानावर किती वेळ असतो? मला स्वतःला शिकवून दाखवावं लागतं का? आणि सत्कार असतात का? शेवटच्या प्रश्नाला ते खूप हसले.

खरं तर आम्हाला हैदराबाद जवळ. मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता, आणि त्याच हैदराबादचे फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी भारताला 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं आणलं, 1962 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून दिलं. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. पण कोल्हापूरची तारीख आधी लागली.

मुख्याध्यापकांकडे कर्तव्यरजेचा अर्ज घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फुटबॉल शिकायला कोल्हापूर? सर, मोबाइलवर सगळं असतं की." मी आजवर हेच बोलत होतो, त्यामुळे उत्तर देता येईना. शेवटी सहा किरकोळ रजा टाकल्या. फी, प्रवास, राहणं, जेवण धरून नऊ हजारांच्या आसपास खर्च आला. घरी मी सात सांगितले.

लातूरहून गाडी धरली. कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज करत कोल्हापूर. रिक्षात बसलो तर रिक्षावाला आपण होऊन परवाच्या मॅचचं सांगायला लागला, पाटाकडीलने काय करायला हवं होतं आणि दिलबहारचा बॅक कसा उघडा पडला. पेठांच्या तालमींचे संघ आणि त्यांच्यावरून भांडणारं गाव. उदगीरला रिक्षावाल्याला 'फुटबॉल ग्राउंड' म्हटलं तर तो कॉलेजकडे नेतो, नाहीतर जनावरांच्या बाजाराकडे.

तिसऱ्या दिवशी माझा नंबर आला. विषय होता पास देणं आणि घेणं. म्हटलं, हा तर आपला पाठ आहे. बरोबरच्या उमेदवारांना पोरं समजून शिकवायचं होतं. मी रांगा लावल्या, घोट्याचं समजावलं, टेकवलेल्या पायाचं समजावलं, करून दाखवलं, एकाची चूक काढली. सात मिनिटांनी इन्स्ट्रक्टरनी शिट्टी मारली. शेवटून दुसऱ्याला विचारलं, "चेंडूला किती वेळा पाय लागला?" तो म्हणाला, "दोनदा." कडेला एकाच्या हातात स्टॉपवॉच होतं. मी सातातली पाच मिनिटं बोलत होतो.

मैदानावर सगळे गप्प. मला ते सातवीतलं पोरगं आठवलं.

इन्स्ट्रक्टर चिडले नाहीत. त्यांनी माझे तेच खेळाडू पाच-पाचचे गट करून उभे केले. चौघं बाहेर, एक मध्ये, गटाला एक चेंडू. "आता खेळू द्या. चूक दिसली तरी एक मिनिट गप्प बसा." मी बसलो. फार अवघड जातं हो ते, मास्तराच्या जातीला. मिनिटभराने एकालाच थांबवून, एकच गोष्ट सांगून, पुन्हा चालू. पुढच्या सात मिनिटांत त्याच शेवटून दुसऱ्याने चेंडूला पन्नासाच्या वर वेळा पाय लावला. मोजायला मीच उभा होतो. आणि या सरावाला किती चेंडू लागतात? पाच पोरांमागे एक. माझे तीन चेंडू म्हणजे पंधरा पोरं, उरलेली अर्धी वॉर्मअपला आणि अर्धी बाभळीच्या बाजूला चेंडू अडवायला. हे गणित मला दीड वर्ष सुटलं नव्हतं.

आणखी एक चूक कळली. मी सहावीच्या पोरांना पाच नंबरच्या चेंडूने हेडिंग करायला लावत होतो, म्हणजे 410 ते 450 ग्रॅमचा चेंडू, तोही दगडासारखा फुगवलेला. बारा वर्षांखालच्यांना चार नंबर द्यायचा असतो. इंग्लंडमध्ये तर 2020 पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढूनच टाकायला सांगितलंय. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे चार नंबरचे दोन चेंडू घेतले आणि हेडिंग बंद केलं.

सहा दिवसांत सगळं मिळतं असं मात्र नाही. थिअरी हिंदी-इंग्रजीत धावत जाते, मागे घेऊन पुन्हा ऐकता येत नाही. चौथ्या दिवशी बचावाचं जे शिकवलं त्यातलं निम्मं मी घरी येऊन व्हिडिओवर पाहिलं तेव्हाच डोक्यात शिरलं. पण आता काय शोधायचं ते माहीत होतं. आणि पहिल्यांदा व्हिडिओची तारीख पाहायची, हेही.

परतल्यावर मोबाइलचं तोंड फिरवलं. मैदानाच्या कडेला लिंब आहे, त्याच्या फांदीला सुतळीने फोन बांधतो, खेळाकडे नाही, माझ्याकडे तोंड करून. पहिलं रेकॉर्डिंग रात्री एकट्याने पाहिलं, हेडफोन लावून, घरच्यांना कळू नये म्हणून. मी पूर्ण वेळ ज्या बाजूला मुलगे खेळत होते तिकडे तोंड करून उभा. माझ्या पाठीमागे मुलींचा गट, आणि त्यात कोपऱ्यातली एक मुलगी. अकरा मिनिटांत तिच्याकडे एकही पास गेला नाही. ती दर वेळी हात वर करत होती.

आता ती रेकॉर्डिंग मी कोर्समधल्या दोघांना पाठवतो, एक सांगलीचा, एक परभणीचा. ते त्यांची पाठवतात. आमच्यात गोडगोड बोलायचं नाही असं ठरलंय, आणि ते सगळे काटेकोर पाळतात. परवा परभणीकराने एवढंच लिहिलं, "शिट्टी कमी."

गेल्या महिन्यात देवणीच्या एका शिक्षकांचा फोन आला. त्यांच्याही गळ्यात फुटबॉल पडलाय. "सर, कोर्स करू का व्हिडिओ बघू? कुठला चांगलाय तेवढं सांगा." मी म्हटलं, आधी तुमचा स्वतःचा दहा मिनिटांचा काढून मला पाठवा, फोन तुमच्याकडे तोंड करून बांधा, मग बोलू. हो म्हणाले. तीन आठवडे झाले, अजून काही आलेलं नाही. मीही पहिला काढायचा महिनाभर टाळला होता.