बाबांची वीत आणि माथेरानची गाडी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांच्यासाठी आगगाडी म्हणजे शकुंतला. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत पोचवायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं टाकलेली. १९९४ पर्यंत ती कोळशावर चालली. बाबा पोरवयात तिच्यातून अंजनगावच्या बाजाराला जायचे. डब्यात ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या पानांच्या करंड्या असायच्या, तो वास त्यांच्या नाकातून अजून गेलेला नाही. गाडी बंद पडून आता काही वर्षं झाली. "एक डाव तशी गाडी पाह्याची हाय मले," हे त्यांचं पालुपद. यंदा सोयाबीन घरी आलं, कपाशीची पहिली वेचणी उरकली आणि मी ठरवलं, बाबांना माथेरानच्या छोट्या गाडीत बसवायचंच.

दिवाळीनंतरचे दिवस बरे. पावसाळ्यात पायथ्याचं नेरळ ते माथेरानच्या अलीकडचं स्टेशन अमन लॉज हा घाटातला टप्पा बंद असतो, तेव्हा वर फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी चालते. मला मोठी चिंता तिकिटाची होती. इतर गाड्यांसारखं मोबाइलवर आरक्षण करू म्हणून दोन संध्याकाळी बसलो, तेव्हा कळलं की तिकीट नेरळच्या खिडकीवरच, गाडी सुटण्याच्या पाऊण तास आधी मिळतं. म्हाताऱ्या माणसाला साडेपाचशे किलोमीटरच्या वर न्यायचं आणि तिकिटाचा भरवसा नाही! पण बाबा म्हणाले, "नाही भेटलं तं पाहून येऊ."

दर्यापूरहून एसटीनं मूर्तिजापूर, तिथून रात्रीची मुंबईची गाडी, पहाटे कल्याण, आणि कर्जत लोकलनं नेरळ. उजाडता उजाडता पोचलो तरी रांगेत आमच्या पुढे तीसेक माणसं. डबे इवलेसे, जागा मोजक्या. खिडकी उघडली आणि पाच-सहा माणसं पुढे असतानाच पहिल्या गाडीची तिकिटं संपली. मी तिथून हललो नाही. त्याच रांगेत दुसऱ्या गाडीसाठी उभा राहिलो, बाबांना बाकावर बसवलं. घरून कोणी वडीलधारं माणूस घेऊन जाणार असाल तर दोघं तरुण सोबत न्या, एकानं रांग धरायची.

तिकिटं हातात घेऊन वळलो तर बाबा बाकावर नव्हते. गाडी लागायला अवकाश होता, ते रुळाशी वाकून वीत टाकत होते. "अडीच वीत, दोन बोटं. हे लहान हाय बाप्पा. आपली मोठी होती." खरंच, माथेरानचा रूळ दोन फुटी आहे, शकुंतलेपेक्षा अर्ध्या फुटानं अरुंद. वळणं इतकी आवळ आहेत की त्याहून रुंद गाडी तिथं वळवणं अवघड. चढ काही ठिकाणी वीस फुटाला एक फूट. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांच्या मुलानं, अब्दुल हुसेन यांनी, १९०४ ते १९०७ या तीन वर्षांत हा मार्ग उभा केला.

जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. पावणेतीन तास लागले आणि बाबांनी डोळ्याला डोळा लावला नाही. मार्गावर एकच बोगदा आहे, तो आला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. एका वळणावर आपलाच पुढचा डबा खिडकीतून समोर दिसला. चाकं रुळाला घासून कुईकुई वाजत होती, आणि बाबा हळूच म्हणाले, "पथ्रोटच्या वळणावर अशीच वाजे ते."

दरीकडच्या बाजूला नव्यानं बांधलेल्या भिंती दिसल्या. २०१९ च्या पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला होता. दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी पुन्हा नेरळपासून धावली. हे मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही बोलवेना. इथे डोंगर कोसळला तरी रूळ परत जोडले, आणि आमच्या सपाट काळ्या मातीतली लाइन नुसती पडून आहे. हळू चालते म्हणून इथे लोक रांगा लावतात, आणि हळू चालते म्हणूनच आमची टाकून दिली. हे मला पटत नाही.

माथेरानात मोटारींना बंदी आहे, पण स्टेशन बाजारातच असल्यामुळे बाबांना फार चालावं लागलं नाही. उतरताना खालपर्यंतच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही. अमन लॉजपर्यंत छोट्या गाडीनं आलो आणि मोटारी जिथपर्यंत येतात त्या दस्तुरी नाक्यावरून टॅक्सी केली.

तिसऱ्या दिवशी दर्यापुरात उतरलो, तर बाबा म्हणाले, घरी नंतर जाऊ, आधी बनोशाच्या, शकुंतलेच्या स्टेशनावर चल. रुळांत कंबरेएवढं गाजरगवत. बाबांनी काठी माझ्या हाती दिली, गवत पायानं दाबलं आणि वाकून वीत टाकली.

"तीन वीत, चार बोटं."

मग कमरेला हात लावून सरळ झाले, श्वास घेतला आणि पुन्हा वाकून मोजलं.